शेवटचा नंबर कुणाचा? : विद्युत वाहनांच्या चार्जिंग केंद्रावरील शिष्टाचार

पनवेल हे पूर्वापार थांब्याचे गाव आहे. मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी एके काळी होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदरात उतरे, तेथे घटकाभर विसावा घेई आणि मग बोरघाटाची वाट धरी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा या वर्दळीत भरच पडली. बैलगाडीच्या भक्कम चाकांसाठी पनवेलच्या कारागिरांचा दूरवर लौकिक होता. घाटाकडे निघालेल्या बैलांचे दाणापाणीही येथेच होई. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि या थांब्याचे महत्त्व काहीसे ओसरले. पण रस्त्यांनी ते त्याला पुन्हा मिळवून दिले.

आज याच गावाच्या वेशीवर नव्या प्रकारच्या दाणापाण्याची सोय होऊ लागली आहे. पेट्रोल पंपांच्या कडेला, उपाहारगृहांच्या आवारात आणि वाहनतळांवर विजेवर चालणाऱ्या मोटारींची चार्जिंग केंद्रे उभी राहत आहेत. केंद्र उभारणे हे यंत्रणेचे काम होय आणि ते होत आहे. परंतु केंद्रावर येणाऱ्या चार अनोळखी माणसांनी आपापसांत कसे वागावे, हे कोणतीही यंत्रणा पूर्णांशाने ठरवून देऊ शकत नाही. पेट्रोल पंपावरील शिस्त आपल्या अंगवळणी पडण्यास काही पिढ्या जाव्या लागल्या. येथे तेवढी सवड नाही.

पनवेललाच हा प्रश्न अधिक का जाणवतो, हे नकाशाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. कळंबोलीपासून यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग सुरू होतो. पळस्पे फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ कोकणाकडे वळतो आणि थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू मुंबईची वाहने चिर्ले येथे उतरवितो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने सुटू लागली आणि टॅक्सींची ये-जा वाढली. त्यातच महाराष्ट्र इलेक्ट्रिक वाहन धोरण, २०२५ अन्वये विजेवर चालणाऱ्या चारचाकी वाहनांना व बसगाड्यांना द्रुतगती महामार्ग, अटल सेतू व समृद्धी महामार्ग यांवरील पथकरातून सूट देण्यात आली. या तीनपैकी पहिले दोन मार्ग पनवेलच्या अंगणातूनच जातात. साहजिकच घाट चढण्यापूर्वी अथवा कोकणात उतरण्यापूर्वी बॅटरी पुरेशी भरून घ्यावी, असे ज्याला वाटते तो पनवेलला थांबतो.

घाटाची धास्ती मात्र थोडी अवास्तव आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता साडेपाचशे मीटरहून अधिक चढतो. माणसांसह सतराशे किलो वजनाची मोटार एवढी उंच नेण्यास, पदार्थविज्ञानाच्या साध्या हिशेबाने, सुमारे अडीच युनिट वीज अधिक लागते. सपाट रस्त्यावर तेवढ्या विजेत ती पंधरा-सोळा किलोमीटर जाईल. म्हणजे घाटासाठी बॅटरी काठोकाठ भरण्याचे कारण नाही. उलट पुण्याहून खाली उतरणारी मोटार उतारावर चाकांच्या गतीतून थोडी वीज परत मिळविते. हा हिशेब ठाऊक असलेला वाहनचालक केंद्रावर अर्धा तास कमी थांबतो आणि तो अर्धा तास त्याच्या मागच्या माणसाला मिळतो.

हंडा आणि नळ

पेट्रोल भरण्यास चार-पाच मिनिटे लागतात. त्यामुळे तेथे एखादा मध्ये घुसला तरी इतरांचे नुकसान पाच मिनिटांचे होते. चार्जिंग केंद्रावर हेच परिमाण बदलते. एक उदाहरण घेऊ. चाळीस युनिट साठविणारी बॅटरी आहे, ३० किलोवॅटचे जलद चार्जर आहे आणि मोटार २० टक्क्यांवर आली आहे. तेथून ८० टक्क्यांपर्यंत जाण्यास २४ युनिट लागतील, म्हणजे सुमारे पन्नास मिनिटे. उरलेले २० टक्के म्हणजे केवळ आठ युनिट. परंतु त्यासाठी आणखी चाळीस मिनिटे सहज जातात.

याचे कारण बॅटरीच्या स्वभावात आहे. एस. टी.ची रिकामी गाडी फलाटावर लागली की पहिले वीस-पंचवीस उतारू भराभर जागा धरतात. शेवटच्या पाच-सहांना मात्र कुणाला सरकावयास सांगावे लागते, कुणाची पिशवी उचलून ठेवावी लागते. बॅटरीतील विद्युतभारित कणांचेही थोडेबहुत असेच होते. ती भरत आली की तिला इजा पोहोचू नये म्हणून मोटारीतील नियंत्रक विजेचा ओघ आपणहून कमी करतो. जलद चार्जर त्या वेळी नावालाच जलद उरतो.

आता रांगेचा हिशेब पाहावा. आपल्यापुढे तीन मोटारी आहेत आणि गन एकच आहे. प्रत्येकाने ८० टक्क्यांवर गन काढली तर आपली पाळी अडीच तासांनी येईल. प्रत्येकाने १०० टक्क्यांचा हट्ट धरला तर साडेचार तासांनी. आणि बॅटरी भरल्यानंतरही प्रत्येक जण जेवण उरकून वीस मिनिटांनी उगवला, तर आणखी एक तास. यंत्र तेच, वीज तीच, माणसेही तितकीच. तरीही अडीच तासांचे साडेपाच तास होतात.

ज्या घरांत सार्वजनिक नळावरून पाणी आणावे लागे, तेथील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. हंडा भरल्यावर तो नळाखालून उचलायचा असतो. भरलेला हंडा तसाच ठेवून बाजूला गप्पा मारणाऱ्या बाईला इतर बायका काय म्हणत, हेही त्यांना आठवत असेल. चार्जिंग केंद्रावर अडचण अशी की, दुसऱ्याचा हंडा उचलून ठेवता येत नाही. चार्जिंग चालू असताना गन मोटारीत कुलूपबंद असते आणि पुष्कळ मोटारींत ते पूर्ण झाल्यावरही मालकाने मोटार उघडल्याखेरीज ती निघत नाही. मागचा माणूस ताटकळत उभा राहण्यापलीकडे काही करू शकत नाही.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. नेदरलँड्समध्ये विद्युत मोटारींचा प्रसार बराच आधी झाला. तेथील भाषेत अशा माणसाला ‘लाडपालक्लेव्हर’ असे नावच पडले आहे. चार्जिंगच्या खांबाला चिकटून बसणारा, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील टेस्ला कंपनीने २०१६ च्या अखेरीस, बॅटरी भरल्यावरही जागा अडविणाऱ्या मोटारींवर दर मिनिटाला आकार लावण्यास प्रारंभ केला. दंडाने काही माणसे लवकर परततात, हे खरे. तथापि पैशाची फिकीर नसलेल्या माणसावर त्याचा परिणाम होत नाही आणि मागे थांबलेल्याला त्या पैशातून काही मिळतही नाही.

न दिसणारी रांग

वेळेचा प्रश्न असा. परंतु त्याहून अवघड प्रश्न आहे तो रांग न दिसण्याचा.

मुंबईच्या बेस्ट बसथांब्यावरील रांग परगावच्या पाहुण्यांना पूर्वी कौतुकाने दाखविली जात असे. ती रांग डोळ्यांना दिसे. तिचे टोक कोठे आहे हे कुणी विचारावे लागत नसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य वायुवाहिनीला हानी पोहोचून मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरातील सीएनजीचा पुरवठा विस्कळीत झाला. रिक्षा-टॅक्सीचालकांना तासन् तास खोळंबावे लागले. तरीही कोण कुणाच्या मागे आहे, हे रस्त्यावरच लिहिलेले होते. गाडीमागे गाडी उभी होती.

चार्जिंग केंद्रावर तसे होत नाही. तेथे बहुधा दोन-तीन मोटारींपुरती जागा आखलेली असते. चौथा येतो तो आपली मोटार उपाहारगृहासमोर लावतो, पाचवा झाडाखाली, सहावा रस्त्यापलीकडे. चालक चहा घेण्यास जातात. सातव्या माणसाला केंद्रावर कुणीच थांबलेले दिसत नाही. तेवढ्यात गन मोकळी होते आणि तो निर्मळ मनाने आपली मोटार पुढे घेतो. झाडाखालचा धावत येतो. मग जो वाद होतो त्यात दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. अशा बहुतेक तंट्यांच्या मुळाशी दुष्टपणा नसतो. रांग आहे हे न कळणे एवढेच त्यांचे मूळ असते.

मोबाइलवरील ॲपनेही हा घोटाळा पूर्णपणे सुटत नाही. गन मोकळी आहे की गुंतलेली, हे ॲप सांगते. झाडाखाली कोण थांबले आहे, हे त्याला ठाऊक नसते. दहा किलोमीटरवरचा वाहनचालक ‘उपलब्ध’ असा हिरवा ठिपका पाहून येतो, तेव्हा तो ठिपका आपल्यासाठीच आहे अशी त्याची समजूत झालेली असते. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत चार्जिंगची वेळ आगाऊ ऑनलाइन राखून ठेवण्याच्या सोयीचा विचार केलेला आहे. ज्या केंद्रावर अशी नोंदणी चालते तेथे नोंदणी करणाऱ्याचा हक्क मानलाच पाहिजे, मग प्रत्यक्ष आधी आलेल्याला ते कितीही झोंबो. मात्र नोंदणी करून वेळेवर न येणाऱ्यासाठी यंत्र रिकामे ठेवणे योग्य नव्हे. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहून पुढच्याने गन लावावी, हे व्यवहाराला धरून होईल. जेथे नोंदणीची सोय नाही तेथे प्रत्यक्ष येण्याचा क्रमच खरा. फोनवरील ठिपका म्हणजे नंबर नव्हे.

मग न दिसणारी रांग राखायची कशी? याचे उत्तर महाराष्ट्रातील प्रत्येक दवाखान्यात आणि शिधावाटप दुकानात मिळते. तेथे नव्याने आलेला माणूस आत पाऊल ठेवताच विचारतो, “शेवटचा नंबर कुणाचा?” कोपऱ्यातील मावशी हात वर करतात. आता त्या मावशींच्या मागे आपण, एवढे ध्यानात ठेवले की बाकाच्या कोणत्याही टोकाला बसावे किंवा बाहेर फेरी मारून यावे. ही रांग उभी नसते, बोललेली असते.

चार्जिंग केंद्रावर नेमके हेच करावयाचे आहे. मोटार कोठेही लावावी, पण आधी यंत्रापाशी जावे. ज्याचे चार्जिंग चालू आहे त्याला विचारावे, “दादा, तुमच्यानंतर कुणी आहे का?” किती टक्के झाले आणि कुठवर भरणार, हेही विचारण्यास संकोच नसावा, विचारलेल्याने त्यात आपला अपमान मानू नये. चालक जागेवर नसेल तर आसपासच्या थांबलेल्या मोटारींत चौकशी करावी. ज्याला काही काळ दूर जावयाचे आहे त्याने एका चिठ्ठीवर आपला मोबाइल क्रमांक आणि परतण्याची वेळ लिहून ती काचेआड दिसेल अशी ठेवावी. ‘११.४० ला गन काढतो’ एवढे चार शब्द मागच्या माणसाचा निम्मा त्रास कमी करतात, कारण वाट पाहण्यापेक्षा किती वाट पाहायची हे ठाऊक नसणे अधिक जाचक असते. महिलांना अनोळखी ठिकाणी आपला क्रमांक उघड ठेवणे प्रशस्त वाटत नसेल, तर केंद्राच्या अथवा उपाहारगृहाच्या सेवकाकडे निरोप ठेवावा.

आधी कुणी जावे?

क्रम ठरला तरी अपवादाचे प्रसंग येतातच. रुग्णाला घेऊन निघालेल्या मोटारीला पुढे जाऊ द्यावे, याविषयी दुमत होणार नाही. बॅटरी अगदी तळाला गेलेल्या मोटारीबद्दल मात्र मते भिन्न असतात. अशा मोटारीला दुसऱ्या केंद्रापर्यंत जाता येत नाही, हे खरे. परंतु सर्वांत कमी टक्के असणाऱ्याने सर्वांत पुढे जावे असा नियम केला, तर आगाऊ विचार करून निघालेल्यावर अन्याय होतो. अशा चालकाने दहा-पंधरा मिनिटांचे चार्जिंग मागून घ्यावे आणि पुढच्या केंद्राकडे निघावे, हा मध्यममार्ग बरा. सवलत ही मागण्याची गोष्ट आहे, बजावण्याची नव्हे.

टॅक्सीचालक आणि खाजगी मोटारमालक यांच्यातील कुरबुर याहून गंभीर आहे. केंद्रावर येणाऱ्या कुटुंबाला वाटते की, टॅक्सीवाल्यांनी सारी यंत्रे अडविली आहेत. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला दिवसातून एकदा तरी, कित्येकदा दोनदा, चार्जिंग केल्यावाचून गत्यंतर नाही. केंद्रावर गेलेला तास हा त्याच्या भाड्याचा तास असतो. गाडीचा हप्ता त्या तासासाठी थांबत नाही. त्याच्या घराजवळ स्वतःचे पार्किंग असेलच असे नाही, म्हणून रात्री घरी चार्जिंग करण्याची सोयही त्याला नसते. सहलीस निघालेल्या कुटुंबाला उशीर झाला तर लोणावळ्याचा सूर्यास्त चुकेल. दोन्ही पारड्यांत सारखे वजन नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि यावरून टॅक्सीला अग्रक्रम द्यावा असे निष्पन्न होत नाही. पाच टॅक्सीचालकांनी मिळून एकमेकांसाठी जागा धरून ठेवणे, आपली गन निघताच सहकाऱ्याला खुणेने बोलावणे, हेही रांग मोडणेच होय. नंबर माणसाचा असतो, संघाचा नव्हे.

ज्यांना शक्य आहे त्यांनी घरी चार्जिंग करणे हाच रांग कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहतींतील अनेक सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये मात्र यावरून मतभेद आढळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार वाहन चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. महानगर क्षेत्रात तीन दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत जोडणी देण्याची मुदतही त्याच दुरुस्तीने घालून दिली आहे. चार्जिंगविषयक कामाची राज्यातील समन्वयक संस्था म्हणून महावितरणकडे जबाबदारी सोपविण्यात आली आहे. संस्थेच्या वार्षिक सभेत या विषयावर तास दोन तास वाद घालण्यापेक्षा हा नियम एकदा वाचून दाखविला तर बरेच काम होईल.

यंत्राची निगा

यंत्राच्या हाताळणीविषयी थोडक्यात सांगता येईल. यंत्रावरील लाल बटण आगीसारख्या अथवा विजेचा धक्का बसण्याच्या प्रसंगासाठी आहे. चार्जिंग थांबविण्याचा सोपा मार्ग म्हणून काही जण ते दाबतात. मग यंत्र बंद पडते आणि ते पूर्ववत करण्यास सेवक येईपर्यंत साऱ्यांचाच खोळंबा होतो. गन काढल्यावर ती जमिनीवर टाकू नये, खोबणीत अडकवावी. पनवेलचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला चिखलात पडलेल्या गनचे काय होते हे सांगावयास नको. एका यंत्राला दोन गन असतील तर पुष्कळ ठिकाणी दोघांत शक्ती वाटली जाते, त्यामुळे दुसरी मोटार लागताच आपला वेग कमी झाला म्हणून शेजाऱ्याशी भांडू नये. ज्याची मोटार मुळातच सावकाश वीज घेते त्याने मोठ्या शक्तीचे यंत्र अडविण्याऐवजी लहान यंत्र निवडावे. आणि पेट्रोल-डिझेलच्या मोटारी या आखलेल्या जागेत सावलीसाठी उभ्या करणे सर्वथा गैर आहे. ते म्हणजे नळाखाली खुर्ची टाकून बसण्यासारखेच आहे.

केंद्रांची संख्या वाढेल तसा रांगांचा ताण सैल होईल. २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरांमध्ये तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला एक केंद्र, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. पुढे ते अधिक कसोशीचे करण्यात आले. परंतु केंद्रे कितीही झाली तरी गणेशोत्सवाच्या आदल्या दोन दिवसांत पनवेलला रांग लागणारच. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी एकाच वेळी गावाकडे निघतात, पळस्पे फाट्यावर वाहनांची रीघ लागते. रत्नागिरी येथून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या पल्ल्यासाठी पनवेललाच १०० टक्के भरून निघावे असे कुणालाही वाटेल, आणि मागे कुणी नसेल तर तसे खुशाल करावे. मागे पाच मोटारी असतील तर ८० टक्क्यांवर निघून महाड किंवा चिपळूण येथे पुन्हा थांबण्याचा बेत आधीच आखून ठेवावा. असे दोन थांबे मिळून होणारा वेळ एका काठोकाठ थांब्याहून फारसा अधिक नसतो, कारण दोन्ही ठिकाणी बॅटरी आपल्या जलद टप्प्यातच असते.

या दिवसांत केंद्रचालकांनी यंत्रापाशी एक साधी वही टांगून ठेवावी. वाहनाचा क्रमांक, येण्याची वेळ, चार्जिंग कुठवर करणार, एवढे तीन रकाने पुरेत. आलेल्याने आपला क्रमांक लिहावा, गन काढताना त्यावर रेघ मारावी. न दिसणारी रांग त्या पानावर सर्वांना दिसू लागेल. वहीला पेन्सिल दोरीने बांधलेली असावी. सुटी पेन्सिल सार्वजनिक ठिकाणी टिकत नाही.